मॅगीचे फोटो कुठे गेले? ('द सिम्प्सन्स'चा एक जुना भाग)

उंडगा (धागाकर्ता)

आमच्या कन्यारत्नाला झोपवायचं म्हणजे किमान अर्धा तास मोडतो. एका हाताने थोपटायचं, दुसऱ्या हातात मोबाईल, आवाज बंद. काल असाच 'द सिम्प्सन्स' या अमेरिकी कार्टून मालिकेचा एक जुना भाग लावला, 'अँड मॅगी मेक्स थ्री'. संवाद पाठ आहेत, त्यामुळे आवाज नसला तरी बिघडलं नाही. कार्टी पाचव्या मिनिटाला झोपली, तरी मी शेवटपर्यंत थोपटतच बसलो होतो.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी. हा सहाव्या सीझनमधला भाग, अमेरिकेत फॉक्सवर २२ जानेवारी १९९५ ला दाखवला. लेखन जेनिफर क्रिटेंडन, दिग्दर्शन स्विंटन स्कॉट. आई मार्ज टीव्ही बंद करायला लावते आणि घरातले सगळे फोटोंचा अल्बम घेऊन बसतात. थोरल्या बार्टचे फोटो आहेत, मधल्या लिसाचे आहेत. धाकट्या मॅगीचा एकही नाही. का नाही, असं पोरं विचारतात आणि बाप होमर गोष्ट सांगायला लागतो.

गोष्ट १९९३ ची. सगळी देणी फिटल्यावर होमर अणुवीज केंद्रातली नोकरी सोडतो. नुसती सोडत नाही, मालक मिस्टर बर्न्सच्या टकलावर बोंगो वाजवून सोडतो. बाहेर पडताना मागचा पूलही खरोखर जाळतो. (इंग्रजीतला वाक्प्रचार त्यांनी शब्दशः चित्रात आणलाय. आपल्याकडे सूर्याजीने दोर कापले, इकडे होमरने पूल पेटवला.) मग त्याला हवी तशी नोकरी मिळते, मित्र बार्नीच्या काकांच्या बोलिंग ॲलीत (लाकडी पट्टीवरून चेंडू सोडून पिना पाडायचा खेळ). पगार कमी, पण गडी खूश. त्याच खुशीत एक रात्र साजरी होते आणि मार्जला दिवस जातात.

ती त्याला सांगत नाही. त्याचा आनंद मोडायचा नाही म्हणून. पॅटी आणि सेल्मा या तिच्या बहिणी मात्र गावातल्या दोन अट्टल चोंबड्यांच्या कानावर घालतात, आणि होमर सोडून सगळ्या स्प्रिंगफील्डला कळतं. लोक अभिनंदन करतात, आणि त्याला वाटतं नव्या नोकरीबद्दल चाललंय. शेवटी शेजारची मॉड फ्लँडर्स खरंच नव्या नोकरीबद्दल अभिनंदन करते, आणि तेव्हा कुठे याची ट्यूब पेटते! हा विनोद मी पंचवीस वेळा पाहिलाय आणि पंचवीस वेळा हसलोय.

तिसऱ्या पोराचा खर्च बोलिंग ॲलीच्या पगारात भागत नाही. गिऱ्हाईक वाढवायला तो बाहेर उभा राहून बंदुकीचे बार काढतो, त्याने काय होणार ते होतं. मग परत बर्न्सच्या दारात. याचना करणाऱ्यांसाठी वेगळं दार आहे, इतकं बुटकं की रांगत आत जावं लागतं. बर्न्स नोकरी देतो आणि त्याच्या टेबलासमोर कायमची पाटी ठोकतो: 'डोन्ट फर्गेट, यू आर हिअर फॉरेव्हर'.

मॅगी जन्मते. बापाचं तोंड पडलेलं. डॉक्टर बाळ हातात देतात, ती त्याचा अंगठा घट्ट धरते, आणि विषय संपतो.

पोरं विचारतात, हे सगळं ठीक, पण फोटो कुठे आहेत? होमर म्हणतो, जिथे मला त्यांची सगळ्यात जास्त गरज असते तिथे. पुढच्या दृश्यात त्याचं टेबल दिसतं. पाटीवर मॅगीचे फोटो चिकटवलेत, ते अशा बेताने की काही अक्षरं झाकली जातात आणि उरतं: 'डू इट फॉर हर'.

कॉलेजात असताना स्टार वर्ल्डवर पाहिला तेव्हा मला हा गोड शेवट वाटला होता. काल तसा वाटला नाही. पाटी त्याने काढलेली नाही. ती कायमची ठोकलेली आहे, आणि त्याचं नवं वाक्य तयार होतंय ते बर्न्सच्याच अक्षरांतून. फोटो काढले की खालचं वाक्य तसंच्या तसं. जुन्या आठवणींचे भाग सगळ्याच मालिका करतात, पण त्यांत जुने दिवस चांगले असतात. इथे जुन्या दिवसांत एका माणसाने आवडतं काम सोडलं आणि त्याचा हिशोब अजून भिंतीवर लटकतोय.

तुम्हाला हा भाग कसा वाटतो? आणि असे आणखी कुठले भाग?

---

तिसरं पोर

फोटो नाहीत या मुद्द्यावर मला बोलायचा जन्मसिद्ध हक्क आहे.

थोरल्या ताईचा अख्खा अल्बम आहे. काळी जाड पानं, चार कोपऱ्यांत फोटो खोचायचे त्रिकोण, मध्ये कोळ्याच्या जाळ्याची नक्षी असलेला पातळ कागद. दादाची अकरा पानं. मी? बारशाला शेजारच्या काकांचा कॅमेरा आणला होता, त्यात छत्तीसचा रोल. चौतीस फोटो बारशाला आलेल्या पाहुण्यांचे. पस्तिसाव्यात पाळणा आहे आणि पाळण्याच्या बाहेर एक पाय. तो मी. छत्तिसावा आलाच नाही, रोल गुंडाळताना झाकण उघडलं होतं म्हणे.

आईला हा भाग दाखवला होता. तिचं म्हणणं, "त्या बापाने निदान फोटो काढले तरी."

---

पावशेर

भारी धागा. 

लहानपणी मला बोलिंग म्हणजे क्रिकेटमधलंच माहीत. होमरला बोलिंग आवडतं म्हणजे हा एवढं पोट घेऊन फास्ट टाकतो की स्पिन, असा प्रश्न पडायचा. त्या गुळगुळीत लाकडी पट्टीवरून चेंडू गेला की वाटायचं, पिच किती पाटा आहे!

---

रकाना

मजा आली, पण हिशोब जुळत नाही, तो मांडतो. (हलके घ्या.)

मॅगी पडद्यावर पहिल्यांदा आली १९ एप्रिल १९८७ ला, 'द ट्रेसी उलमन शो'मधल्या छोट्या तुकड्यांत. अर्ध्या तासाची मालिका १७ डिसेंबर १९८९ पासून. आणि हा भाग सांगतो की तिच्या जन्माची गोष्ट १९९३ ची. म्हणजे पोरगी जन्मायच्या सहा वर्षं आधीपासून टीव्हीवर आहे.

जुन्या आठवणींचे बाकीचे भाग असे: 'द वे वी वॉज' (१९९१), त्यात होमर आणि मार्ज शाळेत भेटतात, साल १९७४. 'आय मॅरिड मार्ज' (तेही १९९१), त्यात १९८०, बार्टची चाहूल आणि घाईचं लग्न. 'लिसाज फर्स्ट वर्ड' (१९९२), त्यात १९८३-८४, लॉस एंजेलिस ऑलिंपिकच्या आसपास. इथवर सगळं ठाकठीक. पात्रांची वयं वाढत नसल्यामुळे पुढे गोची झाली. २००८ मध्ये 'दॅट नाइंटीज शो' काढला आणि होमर-मार्जचे लग्नाआधीचे दिवस उचलून थेट १९९० च्या दशकात ठेवले. जुने चाहते खवळले. माझ्या मते बरोबरच खवळले. १९७४ नुसता आकडा नव्हता, त्या भागातली गाणी, केस, पायघोळ पँटी, सगळं त्या सालाला बांधलेलं होतं.

२९ एप्रिल २०१८ ला ६३६ वा भाग दाखवून या मालिकेने 'गनस्मोक' या जुन्या अमेरिकी मालिकेचा ६३५ भागांचा विक्रम मोडला. इतकं लांबवल्यावर पंचांग बिघडणारच.

---

उंडगा

@रकाना, तुम्ही आलात म्हणजे धागा मार्गी लागला. :)

@तिसरं पोर, तो पाय स्कॅन करून टाका इथे.

---

निशिगंधा

मला एक विचारायचंय. सगळे होमरच्या त्यागावर बोलताय, मार्जचं काय? पोटात पोर घेऊन ही बाई कितीतरी दिवस गप्प बसते, कारण नवऱ्याला नवी नोकरी आवडलीय. तो मोकळेपणी आनंदी राहू शकला तो तिच्या गप्प बसण्यामुळे. तिच्या भिंतीवर कुठली पाटी आहे?

तिन्ही जन्मांचे भाग ओळीने पाहिले की आणखी एक दिसतं. 'आय मॅरिड मार्ज'मध्ये बार्ट पोटात असताना होमर अणुवीज केंद्रात लागतो. 'लिसाज फर्स्ट वर्ड'मध्ये दुसरीसाठी जागा पुरत नाही म्हणून घर घेतात, आणि त्यासाठी आजोबा स्वतःचं घर विकून पैसे देतात. पुढे आजोबांना कधी वृद्धाश्रमात धाडलं, तर साधारण तीन आठवड्यांनी. हसतो आपण. मग तिसरी येते आणि होमरला परत त्याच केंद्रात आणते. म्हणजे पहिल्याने नोकरीला लावलं, दुसरीने हप्ते मागे लावले, तिसरीने सुटकेचं दार लावून घेतलं. आणि प्रत्येक बातमीला हा बाप्या डोक्यावरचे केस उपटत जिना चढतो. आता दोनच का उरलेत ते कळलं.

उंडगा, 'पाटी त्याने काढलेली नाही' हे मात्र पटलं.

---

मुक्काम एडिसन

इथे ऑफिसात बऱ्याच जणांच्या टेबलावर ती पाटी छापलेली दिसते, आणि वर फोटो कुणी मुलीचा लावतं, कुणी मांजराचा. माझ्या पलीकडे बसणाऱ्याने सेकंडहँड मोटरसायकलचा लावलाय. त्याला विचारलं, खालचं मूळ वाक्य माहीत आहे का? नव्हतं. भागही पाहिलेला नव्हता.

एक सांगायचं राहतंय. मालिकेच्या सुरुवातीच्या जुन्या चित्रांत मॅगी दुकानाच्या काउंटरवरून वस्तूसारखी स्कॅन व्हायची आणि किंमत उमटायची ८४७ डॉलर ६३ सेंट. तेव्हा अमेरिकेत एका बाळाचा महिन्याचा खर्च एवढा धरत असत म्हणे. म्हणजे होमरने बोलिंग ॲली का सोडली, याचं उत्तर कितीतरी वर्षं आधीपासून भागांच्या सुरुवातीला दाखवत होते.

---

घाटमाथा

सगळे विरघळलेत म्हणून मुद्दाम उलटं लिहितो. बेलापूर पट्टीत एका कारखान्यात तेवीस वर्षं काढली. नाव सांगत नाही, आता तिथे इमारती उभ्या आहेत. आमचे सुपरवायझर नव्या पोराला पहिलं विचारत, लग्न झालंय का? झालं असेल तर खूश. बाळ असेल तर जास्त खूश. पोरंबाळं असलेला माणूस ओव्हरटाइमला नाही म्हणत नाही आणि गेटवर बसत नाही. मालकाला पाटी लावायची गरजच नाही, आपण फोटो लावून ती स्वतःच पूर्ण करतो. हा भाग म्हणजे बर्न्सचा विजय आहे आणि लोक डोळे पुसतात.

---

उंडगा

@घाटमाथा, विजय बर्न्सचाच आहे, ते मीही मांडलंय. पण 'पोरंबाळं असलेला गेटवर बसत नाही' याला याच मालिकेतलं उत्तर आहे. 'लास्ट एक्झिट टू स्प्रिंगफील्ड', ११ मार्च १९९३. बर्न्स कामगारांच्या दातांच्या उपचाराची सोय काढून घ्यायला निघतो, लिसाच्या दातांना तारा लावायच्या असतात, आणि हाच गलेलठ्ठ आळशी माणूस युनियनचा पुढारी होऊन संप करतो. एका पोरीसाठी संप, दुसरीसाठी रांगत माफी. माणूस एकच, केंद्रही तेच.

---

घाटमाथा

हा भाग पाहिला नव्हता. पाहतो. संपात शेवटी काय मिळतं ते सांगू नका.

---

चहाबाज

अवांतर: मालिकेतल्या अपू या भारतीय दुकानदारावर कुणीच बोललं नाही? 

---

रकाना

@चहाबाज, थोडक्यात: हरी कोंडाबोलूचा 'द प्रॉब्लेम विथ अपू' हा माहितीपट २०१७ चा, आणि हँक अझारियाने अपूला आवाज देणं थांबवल्याचं २०२० च्या जानेवारीत सांगितलं. वेगळा धागा काढा, इथे गाडी घसरेल.

आणि निशिगंधा यांनी 'लिसाज फर्स्ट वर्ड' काढलाच आहे, तर त्याचा शेवट सांगतो. सगळा भाग लिसाच्या पहिल्या शब्दाचा. शेवटी होमर मॅगीला पाळण्यात झोपवतो, दिवा मालवून बाहेर पडतो, आणि अंधारात ती तोंडातली चोखणी काढून एकच शब्द बोलते, 'डॅडी'. तो शब्द एलिझाबेथ टेलरने म्हटलाय. एवढी मोठी नटी आणली ती एका शब्दासाठी, आणि तो शब्द ज्याने ऐकायचा तो खोलीत नाही.

---

खिळेजुळारी

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. आयुष्य छापखान्यात गेलं, आधी खिळे जुळवले, मग संगणकावर. त्यामुळे भाग पाहताना माझं लक्ष अक्षरांवरच.

इंग्रजी पाटीत एक गंमत आहे. उरलेल्या वाक्यात 'इट' आहे, पण मूळ वाक्यात 'आय' हे अक्षर नाहीच. मग आला कुठून? 'डोन्ट'मधला 'एन' फोटोने अर्धवट झाकलाय, नुसता उभा दांडा उरतो. तो दांडा म्हणजे 'आय'. ज्याला कुणाला हे सुचलं त्याला माझा दंडवत.

तर प्रश्न असा: हे मराठीत करता येईल का? अटी तीन. मूळ वाक्य बर्न्सला शोभेल असं खडूस हवं. अक्षरं फक्त झाकायची, हलवायची नाहीत. आणि उरेल ते होमरचं हवं.

---

पावशेर

सरळ भाषांतर घेतलं: 'विसरू नकोस, तू इथे कायमचा आहेस.' पहिले दोन शब्द आणि मधले दोन झाका. उरतं 'तू आहेस'. बाळाला उद्देशून! संपलं, बक्षीस द्या.

---

खिळेजुळारी

@पावशेर, सुरेख आहे. पण अख्खेच्या अख्खे शब्द झाकलेत, ही जुळाऱ्याच्या दृष्टीने चोरी. शब्दाच्या पोटातून शब्द निघाला पाहिजे.

---

मुक्काम एडिसन

'इथून सुटका नाही, समजलास?' यात 'नाही'मधला 'ना' आणि शेवटची वेलांटी झाकली की 'ह'. मग शेवटचा 'स'. उरलं 'हस'.

---

निशिगंधा

'हस' छान! पण कुणासाठी ते कुठे आहे?

'तिच्यासाठी' काढायचा प्रयत्न केला, 'च्या' कुठे सापडेना. दुपारची भाजी लागली.

---

तिसरं पोर

'साठी' मिळणं सोपं आहे की. साठी म्हणजे साठ वर्षं! रिटायरमेंट! बर्न्स म्हणेल, साठीपर्यंत इथेच राबायचंय.

---

खिळेजुळारी

तिसरं पोर, तुमच्या तोंडात साखर पडो. कुलूप उघडलंत. रात्रभर झोप नाही, पण जमलं. पाटी अशी:

पोटाची नोकरी साठीपर्यंत करावीच लागेल

आता फोटो लावा. पहिला 'टाची' आणि 'नोक' यांच्यावर. दुसरा 'पर्यंत'वर. तिसरा लांबडा, 'करावीच'मधल्या 'रा'च्या कान्यापासून पुढे ओळ संपेपर्यंत. उरतं:

पोरीसाठी कर

कान्यापाशी फोटो नेमका लावावा लागेल, एक रेघ इकडेतिकडे झाली तर 'करा' होतं. तसंही चालेल म्हणा, आदरार्थी.

---

उंडगा

दंडवत. साष्टांग. धागा काढल्याचं सार्थक झालं.

---

घाटमाथा

मान गये. फक्त राज्य सरकारी कर्मचारी अठ्ठावन्नला सुटतात, त्यांना ही पाटी लागू नाही. 

---

रकाना

चतुर्थ श्रेणीला साठच आहे. लागू आहे.

---

निशिगंधा

काकांनो, वाद पुरे. जुळारीकाका, मी हे वाक्य छापून घेतलं. प्रिंट काढताना दुकानातला मुलगा म्हणाला, "मॅडम, वाक्य बरोबर आहे, पण घरात लावू नका." मी ऑफिसात लावणार आहे. माझ्याच टेबलासमोर, नवऱ्याच्या नाही.

अडचण एकच. मला मुलगी नाही, मुलगा आहे.

---

खिळेजुळारी

निशिगंधाताई, सोपं आहे. 'नोकरी'मधल्या 'री'ची वेलांटी पाहा. दुसरी वेलांटी म्हणजे उभा काना आणि त्याच्या डोक्यावर कमान. नखाएवढा फोटो घ्या, पासपोर्टचा कापून घेतलात तरी चालेल, आणि फक्त ती कमान झाकून टाका. शिरोरेघ झाकू नका. खाली काना उरतो.

---

निशिगंधा

उरला.